शून्य नावाचा माणूस

मागच्या महिन्यात एका रविवारी दुपारी लेकीने मला धरून लॅपटॉपसमोर बसवलं. आठवडाभर बायकांच्या तक्रारी ऐकून ऐकून तुझा चेहरा लांब झालाय, तेव्हा आता दोन तास मुकाट्याने हसायचं, असा तिचा हुकूम होता. इंग्रजी विनोदी चित्रपट म्हटला की मला जरा धास्तीच वाटते. निम्मे संवाद डोक्यावरून जातात. पण हा चित्रपट जुना, १९६७ सालचा, आणि खाली अक्षरं उमटत होती, म्हणून निभावलं. 'द प्रोड्यूसर्स' त्याचं नाव. पहिल्या दहा मिनिटांतच मी मांडीवरची मेथी निवडायची विसरले.

गोष्ट मोठी गमतीची आहे. मॅक्स बायलिस्टॉक हा न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवरचा एकेकाळचा बडा नाट्यनिर्माता. आता पार बुडालेला. पैसेवाल्या, एकाकी म्हाताऱ्या बायकांना लाडीगोडी लावून त्यांच्याकडून नाटकासाठी चेक उकळायचे, हा त्याचा धंदा. एक दिवस त्याचे हिशेब तपासायला लिओ ब्लूम नावाचा भित्रा अकाउंटंट येतो आणि सहज बोलून जातो की, चाललेल्या नाटकापेक्षा पडलेल्या नाटकात जास्त पैसा मिळू शकतो. नाटक पडलं की पैसे लावणाऱ्यांना नफा वाटावा लागत नाही आणि हिशेबही कुणी विचारत नाही. झालं! मॅक्सच्या डोळ्यांत दिवे लागतात. एकाच नाटकाचे पंचवीस हजार टक्के हिस्से विकायचे आणि नाटक पहिल्याच रात्री आपटेल अशी तजवीज करायची. त्यासाठी ते शोधून शोधून हिटलरचं गुणगान करणारं एक भयंकर नाटक आणतात. दिग्दर्शक वाईट, नट वाईट. आणि प्रेक्षक? ते या नाटकाला विनोदी समजून डोक्यावर घेतात. नाटक तुफान चालतं आणि दोघांची रवानगी तुरुंगात होते.

हसून हसून पोट दुखलं हे खरंच. पण माझ्या मनात राहिला तो मॅक्सचं काम करणारा नट. अगडबंब देह, टकलावर कानापासून ओढून आणलेले चार केस आणि बटाट्याएवढे डोळे. एवढं मोठं शरीर, पण हालचाल फुलपाखरासारखी हलकी. त्याचं नाव वाचलं आणि पुन्हा हसू आलं. झिरो मोस्टेल! झिरो म्हणजे शून्य. असं कुणी आपलं नाव ठेवून घेतं का?

मग सवयीप्रमाणे खोदत बसले. पुढचे काही दिवस जमेल तसं वाचत गेले आणि हसू हळूहळू ओसरलं. कारण या माणसाच्या आयुष्यातली सगळ्यात मोठी गोष्ट नावाशीच बांधलेली होती. त्याच्या स्वतःच्या नव्हे, दुसऱ्यांच्या नावांशी. आणि ती वाचताना मला माझीच एक जुनी चूक आठवली. ती शेवटी सांगते. आधी त्याची गोष्ट.

त्याचं खरं नाव सॅम्युएल जोएल मोस्टेल. जन्म २८ फेब्रुवारी १९१५चा, न्यूयॉर्क शहरातल्या ब्रुकलिनमधला. युरोपातून पोटापाण्यासाठी आलेलं धार्मिक ज्यू कुटुंब. वडिलांचं हे दुसरं लग्न. पहिलीची आणि दुसरीची मिळून आठ मुलं, त्यातला हा सातवा. घरात माणसं जास्त आणि पैसा कमी. मुलगा बोलका, चुणचुणीत, म्हणून त्याने धर्मगुरू व्हावं अशी वडिलांची इच्छा होती. त्याच्या हातात मात्र सतत पेन्सिल. हे आईने हेरलं. त्या बाईचं मला फार कौतुक वाटलं. ती या पोराला मखमलीचा सूट चढवायची आणि मेट्रोपोलिटन म्युझियममध्ये मोठमोठ्या चित्रकारांची चित्रं उतरवून काढायला पाठवायची. काळ्या-हिरव्या रंगातलं एका स्त्रीचं चित्र त्याच्या खास आवडीचं. ते तो पुन्हा पुन्हा काढायचा. लोक मागे उभे राहून या मखमली सूटमधल्या मुलाकडे बघत राहायचे. एक दिवस त्याने गर्दी जमलेली पाहून अगदी गंभीर चेहऱ्याने ते अख्खं चित्र उलटं उतरवलं, डोकं खाली आणि पाय वर! चित्रकार आणि विदूषक दोघंही त्या मुलात एकदमच दिसू लागले होते.

१९३५ मध्ये तो न्यूयॉर्कच्या सिटी कॉलेजातून पदवीधर झाला. तो अमेरिकेतल्या महामंदीचा काळ. मिळेल ते काम करायचं आणि उरलेल्या वेळात रंगवायचं, असं चाललं होतं. बेकार कलावंतांना हात देण्यासाठी सरकारने त्या वेळी योजना काढल्या होत्या. त्यातून त्याला चित्रकला शिकवायचं आणि संग्रहालयात लोकांना चित्रं समजावून सांगायचं काम मिळालं. तिथे तो चित्रांबद्दल बोलता बोलता असा काही हसवायचा की लोक त्याला घरगुती समारंभांत बोलावू लागले. चित्रांपेक्षा विनोदाचे पैसे जास्त मिळतात हे त्याच्या लक्षात आलं.

१९४२च्या सुरुवातीला, सत्ताविसाव्या वर्षी, तो न्यूयॉर्कच्या 'कॅफे सोसायटी' या नाइट क्लबमध्ये विनोदवीर म्हणून उभा राहिला. हा क्लब निराळा होता. गोऱ्या आणि काळ्या माणसांनी एकत्र बसायचं, एकत्र ऐकायचं, असा तिथला नियम. त्या काळच्या अमेरिकेत ही मोठी गोष्ट होती. तिथल्या प्रसिद्धीचं काम बघणाऱ्या माणसाने या नव्या नटाला झिरो हे नाव चिकटवलं. शून्यातून स्वतःला उभा करणारा माणूस, अशी त्यामागची कल्पना. त्याचं भाग्यही तसंच फळफळलं. त्या एका वर्षात त्याचा आठवड्याचा पगार ४० डॉलरवरून ४५० डॉलरवर गेला.

आता त्याच्या घराकडे वळते, कारण आपल्याला त्यात जास्त रस, खरं ना? त्याचं पहिलं लग्न टिकलं नाही. मग त्याला भेटली कॅथरिन हार्किन, सगळे तिला केट म्हणत. रेडिओ सिटी म्युझिक हॉलमधल्या नृत्यपथकात नाचणारी ही मुलगी ख्रिश्चन घरातली. १९४४ मध्ये दोघांनी लग्न केलं. मुलाने परधर्मातली सून आणली हे त्याच्या आईवडिलांना सोसलं नाही. घराचं दार बंद झालं. ज्या आईने मखमली सूट घालून म्युझियममध्ये पाठवलं होतं, तिनेही पाठ फिरवली. केटने मात्र हा वादळी, खादाड, रात्रंदिवस नाटकी करणारा नवरा आणि दोन मुलगे असा संसार मरेपर्यंत निभावला. तिची आठवण पुढे पुन्हा येईलच.

१९५० मध्ये 'पॅनिक इन द स्ट्रीट्स' या चित्रपटात त्याला चांगलं काम मिळालं. दिग्दर्शक एलिया कझान. पाठोपाठ ट्वेंटिएथ सेंच्युरी फॉक्स या बड्या कंपनीशी करार झाला. एका वर्षात चार-पाच चित्रपट. गाडी रुळावर आली होती, आणि तिथेच ती थांबली.

त्या वेळी अमेरिकेत काय चाललं होतं ते थोडक्यात सांगते. दुसरं महायुद्ध संपल्यावर रशियाशी वैर सुरू झालं आणि कम्युनिस्टांची भीती देशभर पसरली. अमेरिकी संसदेची एक समिती देशविरोधी कारवायांची चौकशी करत होती. तिने १९४७ पासून सिनेमा-नाटकवाल्यांना धारेवर धरलं. कोण कधी कुठल्या सभेला गेलं, कुणी कुठल्या निधीला मदत केली, याची झडती. १९५० मध्ये एक पुस्तिका निघाली, तिच्यात रेडिओ-टीव्हीवरच्या १५१ कलावंतांची नावं होती. कुठल्याही कोर्टाने त्यांना दोषी ठरवलं नव्हतं. पण पुस्तिका निर्मात्यांच्या आणि जाहिरातदारांच्या टेबलावर पोचली की त्या माणसाचं काम बंद. याला काळी यादी म्हणत. गंमत अशी की अशी काही यादी आहे हे उघडपणे कुणी कबूल करायचं नाही. नुसता फोन यायचा थांबायचा.

यादीतून सुटायचा एक रस्ता होता. समितीपुढे जायचं, चूक कबूल करायची आणि इतरांची नावं सांगायची. तुझ्याबरोबर त्या सभेला आणखी कोण होतं? दहा नावं दे, घरी जा, उद्यापासून कामाला लाग. मला वाचताना नवल वाटलं ते याचं, की समितीला बहुतेक नावं आधीच माहीत असायची. नावं हवी होती ती माहितीसाठी नव्हेच. माणूस वाकला हे जगाला दिसावं म्हणून हवी होती.

१९५२च्या जानेवारीत एका पटकथालेखकाने समितीपुढे झिरोचं नाव घेतलं. फॉक्सचा करार गेला. त्याच वर्षी ज्या कझानच्या चित्रपटात त्याने काम केलं होतं, त्या कझाननेही समितीपुढे आपल्या जुन्या साथीदारांची नावं सांगितली. पुढच्या वर्षी जेरोम रॉबिन्स या नामवंत नृत्यदिग्दर्शकाने नावं दिली. त्यात मॅडेलिन ली या अभिनेत्रीचंही नाव होतं. जॅक गिलफर्ड हा विनोदी नट तिचा नवरा. हे जोडपं म्हणजे केट आणि झिरोचे जिवलग मित्र. तेव्हा हे प्रकरण कुण्या परक्याचं राहिलं नव्हतं. एकाच्या ताटातली भाकरी दुसऱ्याच्या तोंडून निघालेल्या शब्दाने जात होती.

फिलिप लोब या त्यांच्या दुसऱ्या मित्राची कथा तर ऐकवत नाही. 'द गोल्डबर्ग्ज' नावाच्या लोकप्रिय टीव्ही मालिकेत तो घरातल्या कर्त्या पुरुषाचं काम करायचा. त्या पुस्तिकेत त्याचं नाव आलं. मालिकेची सर्वेसर्वा असलेल्या गर्ट्रूड बर्ग या बाईंनी त्याला काढायला आधी नकार दिला. पण जाहिरातदार कंपनीने हात काढून घेतला आणि शेवटी लोबला जावंच लागलं. त्याचा मुलगा मानसिक आजाराने ग्रस्त, त्याच्या उपचारांचा खर्च मोठा. काम नाही म्हणून तो खर्च झेपेना. काही काळ लोब मोस्टेलच्या घरीच राहत होता. १ सप्टेंबर १९५५ रोजी न्यूयॉर्कच्या एका हॉटेलच्या खोलीत त्याने झोपेच्या गोळ्या घेऊन जीव दिला.

आणि त्यानंतर सहा आठवड्यांनी, १४ ऑक्टोबर १९५५ रोजी, झिरो मोस्टेलला समितीपुढे उभं राहायचं होतं.

जरा कल्पना करा. तीन वर्षांपेक्षा जास्त काळ सिनेमाचं काम नाही. घरात केट आणि दोन लहान मुलगे. जवळचा मित्र नुकताच गेलेला. समोर मोठी माणसं बसलेली, आणि काही नावं घेतली की हे सगळं संपणार. मला वाटतं, अशा वेळी बहुतेकांची जीभ सैल होईल. माझी झाली नसती असं मी छातीठोकपणे सांगू शकत नाही.

झिरोने काय केलं? तो तिथेही विदूषकच राहिला. कुठल्या कंपनीसाठी काम केलंत असं विचारल्यावर त्याने ट्वेंटिएथ सेंच्युरी फॉक्सला दोन शतकं मागे ढकललं आणि अठराव्या शतकातली फॉक्स असं गंभीरपणे सांगितलं. स्वतःच्या कामाबद्दल बोलायला त्याची ना नव्हती. दुसऱ्यांबद्दल मात्र एक अक्षर बोलणार नाही, हे त्याने स्पष्ट केलं. कायद्याची खोच अशी होती की, स्वतःच्या राजकीय मतांबद्दल एकदा बोललं की मग इतरांबद्दलचे प्रश्न टाळता येत नसत. म्हणून त्याने राज्यघटनेच्या पाचव्या दुरुस्तीचा आधार घेतला. स्वतःला अडचणीत आणणारं उत्तर न देण्याचा हक्क ती नागरिकाला देते. तो आधार घेतला की तुरुंग टळायचा, पण लोक समजायचे की याच्या पोटात काहीतरी पाप आहे. म्हणजे काम मिळायचं नाही ते नाहीच.

मग कुणीतरी त्याला एका डाव्या मासिकाच्या मदतीसाठीच्या कार्यक्रमात केलेल्या नकलेवरून छेडलं. त्यावर त्याने उलट विचारलं की, समजा मी तिथे जाऊन नुसत्या बसलेल्या फुलपाखराची नक्कल केली असेल, तर त्यात काय बिघडलं? कुणाला हसवणं हा गुन्हा कधीपासून झाला? एवढ्या भारदस्त खोलीत, एवढ्या भारदस्त माणसाने फुलपाखराचं नाव काढावं! पण ते एकच नाव त्याने तिथे दिलं म्हणा ना. माणसाचं दिलं नाही.

त्यानंतरची वर्षं हलाखीची गेली. न्यूयॉर्कच्या २८व्या रस्त्यावर चित्रकार मित्रांबरोबर त्याची एक खोली होती, तिथे जाऊन तो रंगवत बसायचा. चित्रांवर घर चालत नाही. एकेकाळी ज्या हॉटेलांत मानाने बोलावणं यायचं, तिथेच निम्म्याशिम्म्या पैशांत लोकांना हसवायचं, असेही दिवस आले. मालकांनाही ठाऊक असायचं, याला नाही म्हणायची सोय नाही.

१९५८ मध्ये ब्रॉडवेपासून दूर एका लहानशा नाट्यगृहात जेम्स जॉइसच्या 'युलिसिस' कादंबरीवरचं 'युलिसिस इन नाइटटाउन' हे नाटक आलं आणि झिरोला मुख्य काम मिळालं. लिओपोल्ड ब्लूमचं. हे नाव लक्षात ठेवा. त्या कामाबद्दल त्याला पुरस्कार मिळाला. लोकांना पुन्हा आठवलं की हा नट अजून जिवंत आहे.

नशीब बघा, सगळं सावरत होतं आणि १३ जानेवारी १९६० रोजी एका नव्या नाटकाच्या तालमीहून परतताना टॅक्सीतून उतरला, तेवढ्यात बसने धडक दिली. पाय चाकाखाली चिरडला. डॉक्टरांचं मत पाय कापायचा असं पडलं. झिरोने साफ नकार दिला. जवळपास चार महिने दवाखान्यात, शस्त्रक्रियांवर शस्त्रक्रिया. पाय वाचला, पण दुखणं जन्माचं मागे लागलं. पुढे रंगमंचावर तो जो नाचला, बागडला, तो सगळा या पायावर, हे कळल्यावर मी 'द प्रोड्यूसर्स'मधले प्रसंग पुन्हा लावून बघितले. कुठेही शंका येत नाही हो.

१९६१ मध्ये आयोनेस्को या लेखकाचं 'ऱ्हायनोसेरॉस' आलं. एका गावातली माणसं एकामागून एक गेंडे होत जातात, शेवटी एकटा माणूस माणूस म्हणून उरतो, अशी ती गोष्ट. गर्दीच्या मागे धावता धावता आपण काय होऊन बसतो, हेच त्यात सांगितलंय. झिरोने गेंडा होणाऱ्या मित्राचं काम केलं. ना मुखवटा, ना शिंग. नुसत्या आवाजाने आणि अंगाने तो प्रेक्षकांच्या डोळ्यांदेखत गेंडा व्हायचा. या कामासाठी त्याला टोनी, म्हणजे ब्रॉडवेचा सर्वोच्च पुरस्कार मिळाला.

पुढचा प्रसंग मला या सगळ्या आयुष्यातला सर्वांत अवघड वाटतो. १९६२ मध्ये 'अ फनी थिंग हॅपन्ड ऑन द वे टू द फोरम' हे संगीत प्रहसन बसत होतं. झिरो त्यात गुलामाच्या मुख्य भूमिकेत, सोबत मित्र जॅक गिलफर्ड. ब्रॉडवेवर येण्याआधी बाहेरगावी प्रयोग झाले आणि ते पडले. नाटक सावरायला कुणीतरी जाणता हवा होता. निर्माता हॅल प्रिन्सने नाव सुचवलं जेरोम रॉबिन्सचं. होय, ज्याने जॅकच्या बायकोचं नाव समितीला दिलं होतं तोच. झिरोला विचारण्यात आलं, तुला चालेल का? त्याने हरकत घेतली नाही. काळ्या याद्या करणं आमच्या लोकांचं काम नाही, असं त्याचं म्हणणं. काम करीन, पण त्याच्याबरोबर जेवायला बसायला सांगू नका. जॅक मात्र बिथरला आणि नाटक सोडायला निघाला. त्याला थांबवलं ते त्याच्या बायकोने, मॅडेलिनने. ती म्हणाली की जे त्यांनी आपल्याशी केलं, ते तू आता स्वतःच स्वतःशी का करतोस? जिचं नाव विकलं गेलं, तिनेच हे सांगावं!

रॉबिन्स तालमीला आला तेव्हा सगळे श्वास रोखून उभे होते. झिरोने लांबूनच त्याला सैल तोंडाचा म्हणून मोठ्याने हाक मारली. क्षणभर शांतता, मग सगळे हसले, रॉबिन्सही. आणि काम सुरू झालं. रॉबिन्सच्या सांगण्यावरून सुरुवातीचं गाणं नवं लिहिलं गेलं आणि नाटक उभं राहिलं. झिरोला दुसरं टोनी मिळालं. त्याने रॉबिन्सला कधी माफ केलं नाही. पण त्याचं पोटही हिरावून घेतलं नाही. हे दोन्ही एकत्र ठेवणं किती कठीण आहे, हे ज्यांच्या घरात भाऊबंदकी झालीय त्यांना विचारा.

दोन वर्षांनी, १९६४ मध्ये, दोघं पुन्हा एकत्र आले ते 'फिडलर ऑन द रूफ'साठी. रॉबिन्स दिग्दर्शक आणि झिरो तेव्ये या गरीब ज्यू दूधवाल्याच्या भूमिकेत. पाच मुलींचा बाप. त्यातली तिसरी एका ख्रिश्चन तरुणाशी लग्न करते आणि बाप छातीवर दगड ठेवून तिच्याशी संबंध तोडतो. मैत्रिणींनो, ज्याने ख्रिश्चन मुलीशी लग्न केलं म्हणून आईवडिलांनी दार लावलं, तोच मुलगा रोज रात्री रंगमंचावर मुलीला दार लावणारा बाप झाला. विंगेच्या पलीकडे केट उभी असेल तेव्हा तिला काय वाटलं असेल? तिसरं टोनी याच कामाचं.

हा माणूस संत होता असं मात्र समजू नका. प्रयोग रंगात आला की मनाला येईल ते पदरचं घालायचा, सहकलाकारांची पंचाईत करायचा. निर्माते त्याला वैतागले. वर्षभराच्या आतच तो 'फिडलर'मधून बाहेर पडला आणि नाटक त्याच्याशिवाय १९७२ पर्यंत चालत राहिलं. १९७१च्या चित्रपटात तेव्येचं काम टोपोल या नटाला मिळालं. हे शल्य त्याला टोचत राहिलं.

'द प्रोड्यूसर्स' त्याने जवळजवळ नाकारलाच होता. म्हाताऱ्या बायकांना फसवणारा ज्यू निर्माता करायचा म्हणजे काहीतरीच, असं त्याला वाटलं. संहिता वाचून त्याच्या मागे लागली ती केट. तिने हट्ट धरला नसता तर मी त्या रविवारी हसले नसते! लेखक-दिग्दर्शक मेल ब्रुक्सचा हा पहिलाच चित्रपट. लिओच्या कामासाठी जीन वाइल्डर हा नवखा नट ठरत होता. झिरोची पसंती घ्यायला तो भीत भीत गेला आणि हात पुढे केला. झिरोने तो हात धरून त्याला जवळ ओढलं आणि गालावर नाही, थेट ओठांवर चुंबन घेतलं! वाइल्डरची भीती पळाली. आणि हो, त्या भित्र्या अकाउंटंटचं नाव लिओ ब्लूम. झिरोने १९५८ मध्ये केलेला तोच लिओपोल्ड ब्लूम. शूटिंगच्या दिवसांतही पाय ठणकत असायचा, म्हणून संध्याकाळी ठरल्या वेळी काम थांबवायचं अशी त्याची अट होती.

चित्रपट आला तेव्हा बऱ्याच समीक्षकांनी नाकं मुरडली. हिटलरवर विनोद कसला करता, असा सूर होता. पण ब्रुक्स ज्यू, झिरो ज्यू. ज्याने आपल्या लोकांचा संहार केला त्याला जगाच्या हसण्याचा विषय करायचा, हीच त्यांची परतफेड होती. ब्रुक्सला पटकथेचं ऑस्कर मिळालं. पुढे २००१ मध्ये याच गोष्टीवर ब्रॉडवेवर संगीत नाटक आलं आणि त्याने १२ टोनी जिंकून विक्रम केला.

१९७६ मध्ये झिरोने जुनं देणं फेडलं. 'द फ्रंट' हा चित्रपट काळ्या यादीवरचा. वुडी ॲलन नायक. दिग्दर्शक मार्टिन रिट, लेखक वॉल्टर बर्नस्टीन आणि झिरो, तिघंही स्वतः त्या यादीत होते. झिरोचं काम हेकी ब्राउन या विनोदी नटाचं. काम सुटलेला, अपमान गिळत हसवत राहिलेला आणि शेवटी हॉटेलच्या खिडकीतून उडी टाकणारा. त्यात फिलिप लोब होता, स्वतः झिरोही होता. शेवटी पडद्यावर नावं येतात, तेव्हा यादीत गेलेल्यांच्या नावांखाली तो माणूस कुठल्या वर्षी काळ्या यादीत गेला ते दाखवलंय. जी नावं लपवून संपवली, ती उजळ माथ्याने लिहिली गेली.

त्यानंतर वर्षभरातच तो गेला. शेक्सपिअरच्या व्हेनिसच्या सावकाराची गोष्ट ज्यूच्या बाजूने मांडणारं अरनॉल्ड वेस्करचं 'द मर्चंट' हे नवं नाटक होतं. झिरो शायलॉक. या भूमिकेसाठी त्याने खाणं तोडून झपाट्याने वजन उतरवलं होतं. फिलाडेल्फियात एकच प्रयोग झाला आणि त्याला दवाखान्यात न्यावं लागलं. ८ सप्टेंबर १९७७ रोजी हृदयाजवळची मोठी रक्तवाहिनी फुटून तो गेला. वय अवघं ६२. अंत्यविधीचा समारंभ, शोकसभा काही नको, असं त्याने सांगून ठेवलं होतं. पुढच्या वर्षी केट आणि मॅडेलिन या दोघी मैत्रिणींनी आपापल्या नवऱ्यांसह लिहिलेलं आठवणींचं पुस्तक निघालं.

आता माझी चूक. काही वर्षांपूर्वी आमच्या भागातल्या एका पोळी-भाजी केंद्रात बायकांच्या पगाराचा घोळ झाला. कुणीतरी निनावी अर्ज केला. चालकांनी एकेकीला बोलावून विचारलं, अर्ज कुणी लिहिला ते सांगा. एका बाईला ठाऊक होतं. ती गप्प राहिली आणि तिचं काम गेलं. ती माझ्याकडे आली तेव्हा दोन मुलांच्या फीची तारीख डोक्यावर होती. मी, समुपदेशन करणारी शहाणी बाई, तिला काय म्हणाले ठाऊक आहे? सांगून टाकायचं होतंस ना एक नाव, तुझं काय जात होतं? ती काही बोलली नाही. पदराने तोंड पुसलं आणि उठून गेली. पुन्हा कधी माझ्याकडे आली नाही.

झिरोची सगळी गोष्ट वाचून झाली त्या रात्री मला तिचं ते उठून जाणं आठवलं. तिचं काय जात होतं ते तिला बरोबर कळलं होतं, कळलं नव्हतं ते मला. तिला शोधायला मी दोनदा जाऊन आले. खोली बदलून गेली म्हणतात. नवा पत्ता मिळाला की जाणार आहे, आणि या वेळी सल्ला द्यायला नाही.